इक्विपमेंट रूमची वही : फुटबॉल हंगाम 2024

ठिकाण ओहायो. कॉलेज छोटं, संघ एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) डिव्हिजन 3 मधला. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, पगारी माणसं मोजकी, आणि सामानाच्या खोलीत एक मॅनेजर, बाकी सगळे विद्यार्थी. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ती 20 तासांची नोकरी म्हणून मराठी मुलं या खोलीत येतात, एक-दोन हंगाम करतात आणि जातात. पुढच्या ऑगस्टला जे येतील त्यांच्यासाठी या नोंदी. अमेरिकन फुटबॉल कसा खेळतात हे इथे नाही, ते दोन आठवड्यांत बघूनच कळतं. सामानाचं मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

7 ऑगस्ट, बुधवार

रिकंडिशनिंगहून (हेल्मेटं साफ, दुरुस्त करून आणि तपासून देणाऱ्यांकडून) हेल्मेटं परत आली. 118 पाठवली होती, 118 मिळाली. एकेक खोक्यातून काढून तीन गोष्टी बघितल्या: आत उत्पादनाचं वर्ष, त्याशेजारी यंदाच्या तपासणीचा स्टिकर, आणि बाहेर मागच्या बाजूला इशाऱ्याचं लेबल. लेबल फाटलेलं असेल तर नवीन मागवायचं. ते नसेल तर हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी ते मैदानावर नेता येत नाही.

2014 ची 3 निघाली. रिकंडिशनिंगवाले दहा वर्षांवरचं हेल्मेट घेत नाहीत, म्हणजे या तिघांचा हा शेवटचा हंगाम. आत मार्करने गोल केला आहे.

यादीवर खेळाडू 104. उरलेल्या 14 पैकी 2 आधीच माप घेऊन ठेवायची, एक क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकणारा), एक सेंटरसाठी (त्याच्या हातात चेंडू देणारा). बाकीची 12 वेगवेगळ्या मापांची राखीव.

8 आणि 9 ऑगस्ट

मापं. एका हेल्मेटला नीट करायचं तर 12 मिनिटं लागतात. 104 गुणिले 12 म्हणजे जवळपास 21 तास. दोघं मिळून साडेदहा, शिवाय जेवण. म्हणून दोन दिवस. मागच्या वर्षी हेच काम एका दिवसात उरकलं होतं, आणि पुढचे तीन आठवडे रोज दहा-बारा पोरं खिडकीशी उभी.

क्रम असा. आधी केस ओले करायला सांगायचं, कारण खेळताना ते घामाने ओलेच असतात. कोरड्या, फुगलेल्या केसांवर घेतलेलं माप अर्ध्या तासात सैल पडतं. वेण्या किंवा जटा असतील तर हंगामभर जशा राहणार तशाच बांधून यायचं. भुवईच्या इंचभर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर घ्यायचा. आमच्याकडच्या बहुतेक हेल्मेटांना 22 इंचांपर्यंत मिडियम, 22 ते साडेतेवीस लार्ज, त्यापुढे एक्स्ट्रा-लार्ज. कंपनी बदलली की तक्ता बदलतो, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

हेल्मेट घालताना दोन्ही अंगठे कानाच्या भोकांत, बाजू जरा फाकवून. बसल्यावर कपाळाच्या पॅडची खालची कड भुवयांच्या वर दोन बोटं हवी. कानाचं भोक कानासमोर. गालाचे पॅड गालाला चापून, पण दात आवळले जाता कामा नयेत. ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि एका चेहऱ्याला दोन बाजूंना दोन जाडीचेही लागू शकतात, त्यात काही चूक नाही.

मग हेल्मेटच्या आतल्या पिशव्यांत हवा. ती डोक्यावर हेल्मेट असतानाच भरायची. पंपाच्या सुईला ग्लिसरीनचा थेंब लावल्याशिवाय ती व्हॉल्व्हमध्ये घालायची नाही. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग ती पिशवी रोज थोडी थोडी बसत जाते. नेमकं कुठून गळतंय ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. आधी मागची आणि बाजूची पिशवी, मग टाळूची. टाळूची आधी भरली तर हेल्मेट वर उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं.

परीक्षा तीन. तोंडासमोरची जाळी धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवायचं: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट सरकलं आणि कातडी जागच्या जागी राहिली, तर सैल. वरून दोन्ही हातांनी दाबायचं आणि विचारायचं, ‘दाब कुठे लागतो?’ उत्तर ‘टाळूवर’ हवं. ‘कपाळावर’ म्हणाला तर टाळूत हवा कमी. शेवटी हनुवटीचा पट्टा. चारही टोकं सारख्या ताणाने, वाटी हनुवटीच्या बरोबर मध्ये. आधी वरची दोन लावून मग खालची ओढली की वाटी तिरकी बसते. समोरासमोरची एकेक करून लावायची.

कार्डावर लिहायचं: हेल्मेट क्रमांक, माप, गालाच्या पॅडची डावी-उजवी जाडी, तारीख, आणि केस कसे होते. हा शेवटचा रकाना यंदा नवीन घातला. का, ते 14 सप्टेंबरला.

‘कितव्या स्टारचं हेल्मेट आहे’ असं पोरं हमखास विचारतात. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या हेल्मेटांच्या क्रमवारीतलं पाच स्टारवालं हेल्मेट सैल बसलं तर ते डोक्यावर ठेवलेली बादली आहे. हे तोंडावर सांगितलं तरी चालतं.

10 ऑगस्ट, शनिवार

सराव सुरू. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग दोन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड, पाचव्या दिवशी सगळं. शरीराला उन्हाची सवय व्हावी म्हणून ही पायरी. आमच्या दृष्टीने फायदा वेगळा: शोल्डर पॅड देण्याआधी हेल्मेटांच्या तक्रारी निस्तरायला दोन दिवस मिळतात.

दाताचे गार्ड 300 आणले आहेत. 104 जणांना 300 म्हणजे उधळपट्टी वाटेल, पण ऑक्टोबरात हिशेब बघा. पांढरे आणि पारदर्शक घ्यायचे नाहीत. पंचाला लांबून दिसला पाहिजे म्हणून रंगीतच लागतो.

13 ऑगस्ट, मंगळवार

लाइनमनच्या (पुढच्या रांगेत धडका घेणाऱ्यांच्या) हेल्मेटांवर बाहेरून मऊ गादीची टोपी घालून सराव. टोपीचे पट्टे जाळीला अडकवतात. पुढचा पट्टा सैल राहिला की टोपी धडकेत फिरते आणि खेळाडूला वाटतं हेल्मेटच फिरलं. हेल्मेटची हवा वाढवण्याआधी टोपी काढून बघायचं. आज चार जणांना उगाच हवा भरली गेली, संध्याकाळी काढली.

14 ऑगस्ट, बुधवार

पूर्ण पॅड. शोल्डर पॅडचं माप पाठीमागून घ्यायचं, एका खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. पॅड घातल्यावर दोन्ही हात वर करायला सांगायचं: गळ्याची कड मानेला टोचली तर पॅड लहान किंवा गळा अरुंद. हात खाली असताना खांद्याचं हाड झाकलेलं आणि छातीवर दोन्ही पाखं मधोमध भिडलेली हवीत. एकावर एक चढली तर माप मोठं. बगलेखालचे इलास्टिकचे पट्टे पोरं सैल ठेवतात कारण श्वास मोकळा वाटतो. सैल पट्ट्याने पॅड टॅकल करताना वर सरकतो आणि खांदा उघडा पडतो. इलास्टिकला एक हंगामाचंच आयुष्य, ओढून परत न आलं तर बदला. हुक आणि नाड्या डावीकडच्या तिसऱ्या खणात.

बाकी सक्तीचं: कमरेचे, माकडहाडाचा, मांडीचे, गुडघ्याचे. मांडीचा पॅड उलटा घालणं ही नव्यांची नेहमीची चूक, रुंद बाजू वर.

20 ऑगस्ट, मंगळवार

नंबर. 0 ते 99 म्हणजे शंभर, खेळाडू 104. कॉलेजात 0 चालतो, 2020 पासून. एक नंबर जास्तीत जास्त दोघांना देता येतो, पण दोघं एकाच वेळी मैदानावर नको. आक्रमणातल्याला आणि बचावातल्याला एकच नंबर दिला की सोपं वाटतं. पण पंट आणि किकऑफला, म्हणजे लाथेने चेंडू मारायच्या खेळींना, दोन्हीकडची पोरं एकत्र धावतात आणि तिथे घोटाळा होतो. म्हणून जोडनंबर देण्याआधी स्पेशल टीम्सच्या कोचकडून त्याची यादी घ्या, हेड कोचकडून नाही. आक्रमणाच्या रांगेतल्या पाच जणांना 50 ते 79 मधलेच, तेव्हा ती तीस जागा आधी राखून ठेवायची.

28 ऑगस्ट, बुधवार

आठवडाभर भयानक ऊन. सरावाच्या कडेला ट्रेनरचं (पोरांच्या दुखापती बघणारा) बर्फाच्या पाण्याचं टब भरून तयार. ते भरणं आमचं काम: आधी पाणी, मग बर्फ, शेजारी जास्तीच्या बर्फाचा पेटारा. उष्माघातात आधी जागेवर थंड करायचं, मग इस्पितळ, असा नियम आहे. त्यामुळे टब सराव संपेपर्यंत रिकामं करायचं नाही. दूध किंवा कोल्ड्रिंक थंड करायला तर नाहीच नाही.

धुणं. प्रत्येकाचा नंबर असलेल्या पट्ट्याला बनियन, चड्डी, मोजे ओवून तो पट्टा तसाच मशीनमध्ये जातो. पोरं पट्टा इतका आवळतात की मधले मोजे ना धुतले जातात ना वाळतात. वास तिथूनच येतो, साबण बदलून काही होत नाही. पट्टा सैल करून टाका. फॅब्रिक सॉफ्टनर वापरायचं नाही, त्याने घाम शोषणारं कापड तेलकट होतं. टॉवेल वेगळे, गरम पाण्यात, आणि कुणाचा टॉवेल कुणाला नाही: कातडीचे संसर्ग लॉकररूममध्ये असेच पसरतात.

4 सप्टेंबर, बुधवार

सामन्याचे 12 नवीन चेंडू. विल्सनचे चेंडू इथेच ओहायोत एडा गावात शिवतात: चामड्याचे चार तुकडे उलट्या बाजूने शिवून, वाफेने मऊ करून, पोतं उलटावं तसे उलटतात. मग आत ब्लॅडर आणि शेवटी हाताने नाडी. खोक्यातून निघालेला चेंडू गुळगुळीत असतो, वरून मेणाचा हात दिल्यासारखा. तसाच दिला तर क्वार्टरबॅक पहिल्या फेकीत परत करतो.

एका चेंडूला पाऊण तास. ओलसर फडक्याने पुसा. ताठ केसांच्या ब्रशने चामड्याच्या दाण्यांत रगडा, नाडीच्या दिशेने नाही, आडवं. रंग जरा गडद होईपर्यंत. चेंडूसाठीच्या मेणाच्या वडीचा पातळ थर द्या, रात्रभर ठेवा, सकाळी परत ब्रश. जाड थर दिला तर धूळ चिकटते आणि पावसात त्याचा चिखल होतो. नाडीवर काहीही लावायचं नाही.

हवा साडेबारा ते साडेतेरा पौंड. आम्ही 13 ठेवतो. गेज दोन वापरा. एक दुसऱ्यापेक्षा पाव पौंड जास्त दाखवतं, त्यावर टेप लावून तसं लिहिलं आहे.

6 सप्टेंबर, शुक्रवार

उद्या बाहेरगावी. दोन बस, 62 खेळाडू. पेट्या चार. पहिली दुरुस्तीची: बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर आणि हाताचा, जाळीच्या क्लिपा, स्क्रू, टी-नट, हनुवटीचे पट्टे 10, गालाचे पॅड प्रत्येक जाडीचे, पंप, सुया 6, ग्लिसरीन, कात्री, टेप. दुसरी राखीव हेल्मेटं. तिसरी कपडे: जादा पँट 6, मोजे, बिननंबरी नव्हे तर वापरात नसलेल्या नंबरांच्या 4 जर्सी. चौथी टॉवेल, चेंडू, किकऑफला चेंडू उभा करायचा टी. टी इंचभरापेक्षा उंच चालत नाही. गावातल्या दुकानात मिळणारे दोन इंची शाळेच्या मुलांसाठी असतात, पेटीत तसा एक सापडला, काढून टाकला.

बूट पोरांनी स्वतः आणायचे असा नियम. तरी बस सुटण्याआधी प्रत्येकाने दोन बूट वर धरून दाखवायचे. हसतात, हसू दे.

7 सप्टेंबर, शनिवार

हरलो. दुरुस्त्या 5: क्लिप 1, पट्ट्याचं बटण 2, नाडी 1, पँट 1. यंदापासून दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं उरली की आपोआप खेळ थांबतो. तो वेळ पाण्यासाठी धरला होता, पण दुरुस्तीसाठी जास्त उपयोगी पडला. कारण आमच्या विभागातही आता पहिला डाउन मिळाल्यावर (दहा यार्ड पुढे गेल्यावर) घड्याळ चालूच राहतं, मधली फट गेली.

12 आणि 13 सप्टेंबर

घरचा पहिला सामना, मैदान आखणं. गवताचं मैदान, आणि पाऊस महिनाभर नाही. जमीन पेव्हर ब्लॉकसारखी. खुंटी ठोकली की वाकते. आधी पहारीने भोक पाडून मग खुंटी घातली.

मैदान 360 फूट लांब, 160 रुंद, गोलच्या मागचे दोन्ही पट्टे धरून. कोपऱ्यांत काटकोन हवा. गुण्या लावून होत नाही, कर्ण मोजायचे: दोन्ही कर्ण 393 फूट साडेअकरा इंच. फरक दोन इंचांच्या आत आला तरच दोरी ताणायची. यंदा पहिल्यांदा 7 इंच आला. चूक टेपची होती: कापडी टेप इतक्या लांबीला ताणली जाते. स्टीलची 100 फुटी टेप घेऊन टप्प्याटप्प्याने परत मोजलं, एक इंच.

दर पाच यार्डांवर आडवी रेघ, गोलच्या रेघा धरून 21. त्या 3,360 फूट, कडेच्या चार रेघा 1,040. म्हणजे 4,400 फूट रेघ, चार इंच रुंदीची. वर आतल्या खुणांच्या रांगा: कॉलेजात त्या कडेपासून 60 फुटांवर, दोन्हींमध्ये 40. व्यावसायिक खेळाचं मोजमाप वेगळं, इंटरनेटवरचा पहिला नकाशा बघून आखू नका. आकडे 6 फूट उंच, त्यांचा माथा कडेपासून 9 यार्डांवर. साचे प्लायवूडचे, मागच्या शेडमध्ये.

रंगात निम्मं पाणी. गवत सुकं असल्याने पहिला हात पिऊन टाकला, शुक्रवारी दुसरा द्यावा लागला. आदल्या रात्री गवताला पाणी मारलं असतं तर वाचला असता. रंग भरल्यावर मशीनची जाळी पाण्याने लगेच धुवा. सुकला की नोझल सुईने कोरत बसावं लागतं.

14 सप्टेंबर, शनिवार

जिंकलो, पण हेल्मेट तीनदा निघालं. नियम असा की खेळ चालू असताना हेल्मेट निघालं की खेळाडू एक डाउन, म्हणजे एक खेळी, बाहेर. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचं निघालं तर खेळ तिथेच थांबतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये रनिंग बॅकचं निघालं, मैदान मोकळं होतं, धाव तिथेच संपली. बाकड्यावरून सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे.

तिघांची कार्डं काढली. तिघांच्या ‘केस’ रकान्यात ‘दाट’ किंवा ‘वेण्या’. तिघांनी गुरुवारी रात्री वसतिगृहात मशीन फिरवून घेतलं होतं. माप ऑगस्टच्या डोक्याचं, डोकं सप्टेंबरचं. सोमवारी आणखी चार तसे निघाले. एकाला लार्जवरून मिडियमवर आणावं लागलं, बाकीच्यांना टाळूची हवा आणि जाडे गालाचे पॅड पुरले.

आता खिडकीवर पाटी: केस कापले? आधी इथे या. याशिवाय दर गुरुवारी सरावाआधी सगळ्यांची फिरवून बघायची परीक्षा, एका माणसाला 20 सेकंद. पस्तीस मिनिटांत सगळे होतात.

21 सप्टेंबर, शनिवार

सामना नाही. खोली झाडली.

28 सप्टेंबर, शनिवार

घरचा सामना. हेलीन वादळाचा उरलेला पाऊस. आठवडाभर कोरड्या जमिनीवर वरचा इंचभर थर चिकट आणि खाली टणक, सगळ्यांत वाईट जोडी. साच्याचे आखूड खिळे असलेले बूट घसरत होते. स्क्रूचे खिळे असलेल्यांना अर्धा इंची लावून दिले, त्याहून लांब चालत नाहीत. इथे फजिती झाली: सहा बुटांचे जुने खिळे निघेनात. पोरं हाताने आवळतात, ते थोडे सैल राहतात, आट्यांत माती शिरते आणि आटे जातात. खिळे शुक्रवारी रात्री कोरड्या खोलीत, पान्ह्याने, आट्यांना व्हॅसलिन लावून.

चेंडू: प्रत्येक संघ आक्रमणाला आपलाच चेंडू वापरतो, म्हणून तो कोरडा ठेवणं आपल्या हातात. दोन पोरं कडेला, एकाकडे ओला, दुसऱ्याकडे कोरडा, प्रत्येक खेळीनंतर बदल. टॉवेल 40 घेतले, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत. तिसऱ्या क्वार्टरला पेटीचं झाकण उघडं राहिलं आणि 15 टॉवेल भिजले. सेंटरच्या कमरेला मागून एक टॉवेल, तो क्वार्टरबॅकच्या हातांसाठी.

एका जर्सीवर रक्त. भिजलेली जर्सी बदलावीच लागते. पेटीतली दुसऱ्या नंबरची दिली, पण मैदानात पाठवण्याआधी पंचाला सांगणं राहिलं होतं, कोचने आठवण केली.

29 सप्टेंबर, रविवार

चिखलाचे कपडे थेट मशीनमध्ये नाहीत. आधी बाहेर पाइपने, नाहीतर मशीनचा निचरा तुंबतो आणि सोमवार त्यातच जातो. रक्ताला थंड पाणी आणि एन्झाइमची पावडर. गरम पाण्याने डाग शिजतो आणि कायमचा बसतो. जर्सी टांगून वाळवा, ड्रायरच्या गरमीने नंबर सुटतात.

हेल्मेटं उलटी, पॅड बाहेर काढून, पंख्यासमोर. हे काल रात्रीच करायला हवं होतं. आम्ही आज दुपारी केलं.

3 ऑक्टोबर, गुरुवार

उशिराचं फळ मिळालं. आठवड्याची तपासणी करताना जाळीचे 11 स्क्रू गंजलेले, त्यातले 4 फिरतात पण निघत नाहीत: आतला टी-नटच बरोबर फिरतो. ही बाब किरकोळ नाही. मानेची दुखापत झाल्याचा संशय असेल तर ट्रेनर हेल्मेट न काढता आधी जाळी काढतो, श्वासाचा मार्ग मोकळा करायला. त्या वेळी स्क्रू निघाला नाही तर क्लिप कापावी लागते आणि मिनिटं जातात.

चौघांच्या क्लिपा कापून काढल्या, स्क्रू आणि नट दोन्ही स्टेनलेस स्टीलचे लावले. बाजूचे स्क्रू आधी गंजतात, कारण कानाशी घाम साचतो. यापुढे ओल्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक हेल्मेटचे बाजूचे दोन स्क्रू दोन आटे सैल करून परत आवळायचे. आवळताना बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर शेवटच्या वेढ्याला वापरायचा नाही, हाताने. जास्त आवळलं की क्लिप चिरते आणि ते लगेच दिसतही नाही.

8 ऑक्टोबर, मंगळवार

एकाने हेल्मेटवर गाडीचा स्टिकर लावला, कोच ओरडल्यावर नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसला. त्यात अ‍ॅसिटोन. कवच पॉलिकार्बोनेटचं. पुसलेल्या जागी दुधी डाग आणि नखाने जाणवतील अशा केसाएवढ्या रेघा. हेल्मेट बाद. वरवर धड दिसतं म्हणून तो वाद घालत होता. उजेडासमोर धरून रेघा दाखवल्यावर गप्प झाला. हेल्मेटला फक्त सौम्य साबण आणि पाणी.

दाताचे गार्ड: 300 पैकी 71 उरले.

17 ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेसहाचा सराव, गवतावर दव गोठलेलं. काल खोलीत 13 पौंड भरलेले चेंडू मैदानावर 11 वर. गळती नाही. खोलीत 21 अंश सेल्सियस, बाहेर शून्याच्या आसपास. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेवरचा जादा दाब. मूळ दाबात वातावरणाचे 14.7 धरले तर 27.7, तो तापमानाबरोबर सुमारे 7 टक्क्यांनी उतरतो, आणि ते सगळे 2 पौंड गेजमधूनच जातात. जानेवारी 2015 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाच्या कमी हवेच्या चेंडूंवरून जो गदारोळ झाला, त्यातला अर्धा वाद याच गणिताचा. थंडीत चेंडू तासभर आधी बाहेर ठेवून तिथेच हवा भरायची.

हेल्मेटांच्या पिशव्यांनाही हाच न्याय. आज 9 जणांची हेल्मेटं सैल. थंडीच्या दिवशी फिरवून बघायची परीक्षा खोलीत करून उपयोग नाही, मैदानावर करा.

26 ऑक्टोबर, शनिवार

पंचाने दोघांना बाहेर काढलं, गुडघे उघडे. पॅड आणि पँट गुडघ्यावरून खाली आली पाहिजे. रिसीव्हर लोक पँट मुद्दाम एक माप लहान मागतात. देऊ नका.

5 नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी घड्याळं मागे गेली, सराव संपता संपता अंधार. कपड्यांचे थर सुरू झाले. हूडी शोल्डर पॅडच्या आत घातली की पॅड वर उचलला जातो आणि मान मागे केली की हेल्मेटची मागची कड त्याला आपटते. एकाने ‘हेल्मेट डोळ्यांवर येतं’ अशी तक्रार केली. दोनदा हवा भरली, फरक नाही, शेवटी हूडी काढायला लावली तेव्हा कळलं. टोपडी फक्त पातळ कापडाची. लोकरीचं घातलं तर त्यावर नव्याने माप घ्यावं लागतं, आणि दुपारी ते काढलं की परत सैल.

16 नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा सामना, बाहेरगावी. दुरुस्त्या 2. प्ले-ऑफला आम्ही नाही.

18 आणि 19 नोव्हेंबर

सामान परत घेणं. खेळाडू निघून गेला की पॅड परत येत नाही, म्हणून शेवटच्या सामन्यानंतर दोन दिवसांत. कार्ड समोर ठेवून एकेक वस्तू हातात घ्यायची, ढिगात टाकू द्यायची नाही. हेल्मेटं सगळी आली. बाकी: गुडघ्याचे पॅड 9, कमरेचा पट्टा 4, जर्सी 2. जर्सी कुठे गेल्या ते सगळ्यांना माहीत असतं, आई-वडिलांना भेट. मॅनेजर बिल पाठवतो.

हेल्मेटच्या कवचाला स्क्रूच्या भोकांशी उजेडात तडे बघितले. एक सापडलं, लाल चिठ्ठी.

6 डिसेंबर, शुक्रवार

रिकंडिशनिंगला 114, सहाच्या 19 खोक्यांत. लाल चिठ्ठीचं वर ठेवलं आहे म्हणजे ते आधी बघतील. पॅड आतच, जाळ्या लावलेल्याच, पण पट्टे काढून. मागे पट्ट्यांसकट पाठवली होती, पट्टे परत आले नाहीत.

118 मधलं एक ऑक्टोबरात गेलं, तीन 2014 ची. ही चार नुसती कचऱ्यात टाकायची नाहीत, वसतिगृहात कुणीतरी डोक्यावर घालून स्केटबोर्डवर निघतो. शेडमधल्या करवतीने प्रत्येकाचे दोन तुकडे केले, लेबलं खरवडली. जाळ्या चारही चांगल्या आहेत, त्या उजवीकडच्या मोठ्या डब्यात. पंप दुरुस्तीला दिला आहे, जानेवारीत आणायचा. पावती कपाटाच्या दारावर, मापांच्या तक्त्याखाली.